सोंडकिड्याने घेतलेली परीक्षा

फार पूर्वी, झाडं आपापल्या गुणांची बढाई मारत असत तेव्हा, एका कणगीतल्या ज्वारीला सोंडकिडे पोखरू लागले. दाणे घाबरले. किडे पळतील असा पाला कणगीत ठेवायचं त्यांनी ठरवलं. कडुनिंब आणि जास्वंद आपापल्या पाल्याचा रस घेऊन आले.

"पण परीक्षा घ्यायची कोणी?" दाण्यांना प्रश्न पडला.

"मी घेतो की," थोरला सोंडकिडा नम्रपणे म्हणाला. "रस लागू पडतो की नाही, हे माझ्याइतकं कोणाला कळणार?"

दाण्यांना ते पटलं. ज्वारीच ती, डोकं कुठून असणार!

किडा श्वास रोखून कडुनिंबाच्या रसावरून चालला. पाय भाजत होते, तरी हसून म्हणाला, "छान गार वाटलं हो!" मग जास्वंदीच्या रसाला सोंड लावताच तो पाय वर करून उताणा पडला.

"सोंग आहे ते!" कडुनिंब म्हणाला.

"हरलास म्हणून जळतोस!" असं म्हणत दाण्यांनी त्याला हाकलून दिलं. जास्वंद फुगून लालबुंद झाली.

तिचा पाला कणगीत आला आणि सोंडकिडे त्यावर सहकुटुंब झोपू लागले. पावसाळा सरेपर्यंत निम्म्या ज्वारीचं पीठ झालं. तेव्हा उरलेले दाणे पोकळ आवाजात ओरडले, "फेरपरीक्षा झालीच पाहिजे!"

"जरूर," थोरला किडा ढेकर देत म्हणाला. "परीक्षक कोण?"

"तुम्हीच हो! एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला आहे?"