शेवटच्या टोकाचा दगड

समुद्रांना अजून नावंही पडली नव्हती, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका मोठ्या खंडावर एकाच राजाचं राज्य होतं. एकदा त्याच्या मनात आलं, आपली भूमी नेमकी कुठे संपते ते कायमचं ठरवून टाकावं. त्यानं आपल्या भूमापकाला बोलावून सांगितलं, "चारही दिशांची शेवटची टोकं शोध आणि तिथे दगड रोव. दगडांच्या आतली माणसं माझी. त्यांच्यावर संकट आलं, तर माझ्या लोकांनी धावून जायचं."

भूमापक मोठा काटेकोर माणूस. तीन दिशांचे दगड त्यानं रोवले. पश्चिमेला मात्र तो अडला. तिथे किनाऱ्यापुढे समुद्रात एक खडकाळ टेकडी होती आणि तिच्यावर कोळ्यांची चार घरं. ओहोटी लागली की वाळूचा दांडा उघडा पडे, टेकडीवर चालत जाता येई. भरती आली की दांडा बुडे. मग भूमी संपते कुठे? किनाऱ्यावर, की टेकडीवर?

कधी तो टेकडीवर दगड रोवायला निघे आणि पाणी चढलेलं बघून परत फिरे; कधी किनाऱ्यावर रोवायला जाई आणि दांडा उघडा बघून थांबे. त्याला अन्न गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना. टेकडीवरची एक म्हातारी बाजाराला येता-जाता विचारी, "काय बाबा, आम्ही आत की बाहेर?"

"अजून ठरलं नाही, आजी," तो नजर चुकवून म्हणे.

एके दिवशी भर दुपारी वादळ उठलं. टेकडीवरून हाका ऐकू येऊ लागल्या. राजाच्या होड्यांचा तांडेल धावत भूमापकाकडे आला. "धनी, टेकडी आपली की परकी? हुकूम द्या, होड्या घालतो."

भूमापकानं पाहिलं. दांडा पाण्याखाली गेला होता. या घटकेला टेकडी बाहेर. पण सकाळी तर ती आत होती.

"थोडं थांब," तो म्हणाला. "चूक व्हायला नको."

तो वाळूत येरझारा घालत राहिला. हाका हळूहळू कमी होत गेल्या, तेव्हा कुठे तो म्हणाला, "जा. आधी जा."

होड्या गेल्या. बहुतेक माणसं वाचली. म्हातारीचा मुलगा मात्र सापडला नाही.

म्हातारी ओल्या लुगड्यानिशी त्याच्यासमोर येऊन बसली. "बाबा, आम्ही आत की बाहेर, ते तुला कळत नव्हतं. पण हाका तर कळत होत्या ना?"



समुद्र निवळल्यावर भूमापकानं टेकडीच्या पार पलीकडच्या कडेला दगड रोवला. दरबारातले पंडित म्हणाले, "हे चुकलं. अर्धा वेळ तिच्याभोवती पाणी असतं."

"असू द्या, महाराज," भूमापक राजाला म्हणाला. "जिथली हाक आपल्याला ऐकू येते, तिथवर आपली भूमी."

राजानं दगड तसाच ठेवला.

भूमापक पुन्हा राजधानीत रमला नाही. त्यानं त्या किनाऱ्यावरच घर बांधलं. वारा जरा वाढला, की हातातला घास ताटात टाकून तो बाहेर येई आणि होडी पाण्यात लोटू लागे.

म्हणून, लहानथोर हो, सीमा ठरवताना जमीन मागाहून मोजावी, माणसं आधी.