कोऱ्या फळ्याचं कौतुक

बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दर पंधरा दिवसांनी टीमची रिट्रो, म्हणजे झाल्या कामाची आढावा बैठक, भरायची. झालेल्या कामात काय चुकलं ते चिठ्ठीवर लिहून फळ्यावर चिकटवायचं. पण मॅनेजर सरपोतदारांचा नियम असा, की जो चूक दाखवील त्यानेच ती निस्तरायची. मग कोण कशाला लिहितंय? तीन महिने फळा कोरा राहिला, आणि सरपोतदार तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

एका सोमवारी टीमचं दवाखान्यांत नंबर लावायचं अ‍ॅप बंद पडलं आणि दवाखान्यांत पेशंटच्या रांगा लागल्या.

"हे होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं?" बैठकीत सरपोतदार कडाडले.

ठाऊक सगळ्यांना होतं. तेवढ्यात टेस्टिंग करणारी तृप्ती वाघचौरे उठली आणि तिने चिठ्ठी लावली: 'या बैठकीत कुणी खरं बोलत नाही.'

"चूक तू दाखवलीस," सरपोतदार म्हणाले, "आता तूच निस्तर."

"हो सर. पुढची बैठक मी घेते. तेवढा वेळ तुम्ही बाहेर बसा."

सगळ्यांदेखत स्वतःचा नियम मोडणार कसा? पुढच्या खेपेला सरपोतदार बाहेर बसले. तासाभराने आत आले, तर फळ्यावर सत्तावीस चिठ्ठ्या. एकेक वाचून त्यांनी हळूच विचारलं, "एवढं निस्तरायचं कुणी?"

"सगळ्यांनी मिळून, सर." तृप्तीने कोरी चिठ्ठी पुढे केली. "अठ्ठाविसावी तुमची."

सरपोतदारांनी पेन काढलं, आपला नियम त्या चिठ्ठीवर लिहिला आणि स्वतःच्या हाताने फळ्यावर चिकटवला.