चाळीस झडपांचं राज्य

त्या राज्यातलं पाणी एका लांब भिंतीमागे कोंडलेलं होतं आणि भिंतीला चाळीस झडपा होत्या. झडपेवर टोच मारली की पन्हळीतून पाणी पडे. म्हशींच्या गल्लीला सात टोचा, मुंग्यांच्या गल्लीला एक, असा ज्याचा त्याचा वाटा ठरलेला होता.

हे काम खंडू नावाच्या सुतार पक्ष्याकडे होतं. तो डोळे मिटून, पावलं मोजत झडपा उघडत जाई. इतकी वर्षं त्याची एकही टोच चुकली नव्हती.

एके सकाळी मुंग्यांची वारुळं वाहून गेली. शेवटच्या गल्लीतल्या सशांना थेंबही मिळाला नाही. कारभारी सरड्याने खंडूची चोच घासून टोकदार करून घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग सरड्याने त्याला दुप्पट जोराने टोचायला लावलं, तर मुंग्यांची अंडीही गेली. खंडूला झोप लागेना. तो घरट्यातही पावलं मोजत बसे.

शेवटी भिवरा चिचुंद्रीला बोलावलं. तिला फारसं दिसत नसे. मिशा भिंतीला लावून ती खंडूच्या मागोमाग निघाली. अकराव्या जागी ती थांबली.

"इथं पाणी नाही. हे काय आहे?"

"पाटी आहे," सरडा म्हणाला. "गेल्याच आठवड्यात बसवली. राज्यात पाण्याला तोटा नाही, असं लिहिलंय."

"पाटीला जागा करायला पुढच्या झडपा एकेक घर सरकवल्यात. मुंग्यांच्या झडपेवर हा म्हशींच्या टोचा मारतोय, आणि शेवटच्या झडपेपर्यंत पोचतच नाही."

"मग अकरानंतर एक पाऊल वाढव, खंडू. झालं."

"आणि उद्या आणखी एक पाटी लागली तर?" भिवरा खंडूकडे वळली. "बाबा, तू डोळे का मिटतोस?"

"बघत बसलं की वेळ जातो, असं कारभाऱ्यांनीच सांगितलं होतं."

"उद्यापासून बघ."

दुसऱ्या दिवशी खंडू डोळे उघडे ठेवून निघाला. उशीर होत होता, सरडा मागून आकडे पुकारत होता. पण मुंग्यांना एकाच टोचेचं पाणी मिळालं, म्हशींना सात. शेवटच्या झडपेखाली ससे कोरड्या जिभा काढून उभे होते.

खंडूने चोच मागे घेतली, आणि त्याला पन्हळ दिसली. इतके दिवस ती कोरडी होती. आत एका खारीने कापूस अंथरला होता, आणि त्यावर तिची तीन पिल्लं झोपली होती. त्यांचे डोळे अजून उघडले नव्हते.

"चाळीस," मागून सरडा म्हणाला.

ससे वर बघत होते. खंडूची चोच तशीच मागे ताणलेली राहिली.

"चाळीस."