बाबरशेठच्या मंडळींना जेवायचं आमंत्रण

मोठ्या परदेशी गाडीनं आमच्या ह्यांना वेड लावलं होतं. आमची चांगली चालती छोटी गाडी देऊन ती जुनी मोठी घ्यायची, असं ठरवूनच ते मला आणि बाळाला घेऊन कोल्हापूरला जुन्या गाड्या विकणाऱ्या बाबरशेठकडे आले. शेठ टर्बो, सेन्सर असलं काहीबाही सांगत होते. स्टेअरिंगपुढं एक पिवळा दिवा मात्र विझतच नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, परदेशी गाडीत तो असतोच. तुम्हाला नाही कळायचं."

खरंच काही कळेना. दिवा खरा की शेठ खरे? आणि घरी जाताना बाळाला घेऊन त्याच गाडीतून घाट उतरायचा होता.

मी म्हटलं, "शेठ, गाडी विकणाऱ्याच्या घरच्यांनी त्याच गाडीतून घेणाऱ्याच्या घरी यायचं आणि गोडाचं जेवून जायचं, अशी आमच्यात रीत आहे. वहिनींना, पोरांना बोलवा. आत्ताच निघू."

शेठ दिव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असं करू, आमची मंडळी तुमच्या छोट्या गाडीत बसू देत. मी ही घेऊन हळूहळू मागून येतो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "मग शेठ, तुमच्या पोरांना जी गाडी बरी वाटते, तीच आमच्या बाळाला राहू द्या."