चित्रातले एकसारखे शिपाई

"मग सांगा बाबा, यातला मी कुठला?"

सुभेदार हैबती काळोखे यांनी कागद फकिराच्या अगदी नाकाशी धरला.

मदारशा फकीर छावणीबाहेरच्या तकियात, फकिरांच्या मठीत, राहायचे. म्हातारे, गुडघे आखडलेले, पण माणूस हसरा. बाजाराला निघालेला शिपाई त्यांच्यापाशी घटकाभर टेकल्याशिवाय पुढं जायचा नाही.

कागद विलायतेच्या वर्तमानपत्राचा होता. लढाई संपल्यावरची परेड त्यात छापलेली. जनरलसाहेब घोड्यावरून उतरून शिपायांच्या छातीवर पदकं लावताहेत, मागं बँड, त्यामागं तंबू. तिकडच्या कुणा कारागिरानं हे सगळं छपाईच्या लाकडी ठशावर कोरलेलं. साहेबाच्या घोड्याची आयाळ त्यानं केस न् केस काढली होती. शिपायांच्या रांगेला मात्र एकच तोंड दिलेलं. तेच नाक, तेच डोळे, तीच भरघोस दाढी.

सुभेदारांना तर दाढीच नव्हती.

फकिरांनी बराच वेळ बघितलं...

"घोडा झकास आहे," ते म्हणाले.

"घोड्याचं कुठं विचारलं, बाबा!"

"घरी काय म्हणतात?"

"घरी? हे बघा, कारभारणीनं तिसऱ्याला कुंकू लावलंय. आई म्हणते, माझा हैबती शेवटचा, तोच उपाशी दिसतोय. आणि धाकटा भाऊ म्हणतो, दादा, तू त्या शेपटीमागं झाकला गेलास."

फकीर पोट धरून हसले. सुभेदार हसले नाहीत.

"हसू नका. मी गेल्यावर नातवंडं बोट कुणाकडं दाखवतील? ठरवलंय मी. उद्या पदक साहेबाला परत करणार. म्हणणार, ज्याचं तोंड छापलंय त्यालाच द्या."

"मिळालं कशाबद्दल ते?"

"आमचा भिस्ती पाणी वाटता वाटता पायात गोळी लागून पडला. त्याला पाठीवर घातला आणि आणला."

"एवढंच?"

"वरून गोळ्या चालू होत्या, बाबा!"

"हां... मग त्यानं तरी तुझं तोंड नीट पाहिलं असेल."

"पाठीवरच्या माणसाला तोंड कसं दिसेल?"

फकिरांनी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि पुन्हा पाहिला.

एव्हाना ऊन ओट्यावर चढलं होतं. फकिरांनी उठायचं करून पाहिलं, आणि परत बसले.

"गुडघे काही ऐकत नाहीत आज. त्या चिंचेखाली नेतोस मला?"

सुभेदार लगेच वाकले. फकीर पाठीवर बसले. कागद अजून त्यांच्याच हातात होता, आणि तो फडफडत सुभेदारांच्या डोळ्यांवर येत होता.

"बाबा, कागद बाजूला घ्या. वाट दिसेना."

फकिरांनी कागद उचलला आणि उन्हासाठी सुभेदारांच्या डोक्यावर धरला. छापील साहेब, घोडा, बँड, सगळे सुभेदारांच्या डोक्यावर सावली करत निघाले.

निम्म्या वाटेवर सुभेदारांचे खांदे हलायला लागले. आधी फकिरांना वाटलं, दम लागला. पण ते हसत होते.

मग थांबले, ओझं सावरलं, आणि मान न वळवता म्हणाले,

"बाबा... उद्या पदक परत देऊ ना मग?"

"हळू चाल, हैबती... पाठीवरून आत्ताच कुठं दिसायला लागलायस."