चौकटीला बांधलेले लोढणे

एकदा एक वृद्ध चित्रकार आपल्या शिष्याचे चित्र जवळून न्याहाळू लागला, आणि शिष्याला घोर लागला.

चित्र एका व्यापाऱ्याने दिवाणखान्यासाठी सांगितले होते. अट एवढीच, की गाव असावे, पण गावाचा वास नसावा. शिष्य गुराख्याचा मुलगा. सहा वर्षांत तो गावाकडे फिरकला नव्हता, त्यामुळे गाव त्याला फार सुंदर दिसत असे. त्याने सोनेरी कुरण रंगवले. त्यात अकरा गाई, सगळ्या नुकत्याच न्हाऊन आल्यासारख्या. झाडाखाली पाय पसरून प्रसन्न हसणारा गुराखी. चेहरा त्याच्या बापाचा होता.

गुरूने काठी उचलली आणि तो कुठेसा निघून गेला. चौथ्या दिवशी परतला, तेव्हा त्याच्या खांद्यावर हातभर लांबीचा बाभळीचा ओंडका होता. व्यापारी चित्र न्यायला आलाच होता. त्याच्यादेखत गुरूने तो ओंडका दोरीने चित्राच्या चौकटीला बांधला.

"गुरुजी, हे काय?" व्यापाऱ्याने विचारले.

"लोढणे. ओढाळ गाईच्या गळ्यात बांधतात. पायांत येते, म्हणून ती पळत नाही."

"पण चित्र कुठे पळून चाललंय?"

"चाललंय की. तुमच्या घरी."

शिष्याचा चेहरा उतरला. "लोढणी मी मुद्दामच वगळली, गुरुजी. कुरूप दिसतात."

"दिसतात खरी. मी तुझ्या बापाकडे जाऊन आलो. त्याच्या सात गाईंच्या गळ्यात ही आहेत. इतकी कशाला, विचारले. म्हणाला, 'आधी एकबी नव्हतं. पोरगं हुतं, ते धावायचं. आता माझ्यानं धाववत न्हाई.' ज्याला हाक मारायला दुसरे कोणी नसते, तो गाईंच्या गळ्यात लाकूड बांधतो. तू लाकूड वगळलेस, त्याबरोबर म्हाताऱ्याचे एकटेपणही गेले. मग त्याला हसवण्यावाचून तुला गत्यंतर उरले नाही."

व्यापाऱ्याने लोढणे सोडून बाजूला ठेवले आणि चित्र नेले. त्याच्या भिंतीचे माप जुळत होते.

शिष्य लोढणे खांद्यावर घेऊन निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी बापाच्या कुरणात पोहोचला, तेव्हा खांदा सोलवटला होता. म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरून त्याला ओळखले.

"जेवलास का?"

"जेवलो."

"पांढऱ्या गाईचं हाय ते. तुझ्या गुरुजीनं नेलं, तवापासनं तिच्यामागं फिरून पाय राहिले न्हाईत माझे." त्याने लोढणे घेतले, पण गाईला बांधले नाही. झाडाखाली ठेवून त्यावर बसला.

तेवढ्यात पांढरी शेजारच्या जोंधळ्याकडे वळली, आणि शिष्य धावला.

म्हातारा बसल्या जागेवरून पाहत राहिला. उरलेल्या सहांची लोढणी मात्र त्याने सोडली नाहीत. मुलगा किती दिवसांसाठी आला आहे, हे त्याने विचारले नव्हते.