महाराज वेटोळ्यात अडकले!

राजा दुंदुभीसेनाचा हत्ती लाडोबा बुरूडआळीत गोल गोल फिरत होता आणि काही केल्या थांबत नव्हता!

कारण होती येसू, बुरुडाची मुलगी. टोपलीचा तळ फेर घेत घेत कसा वाढतो, हे बघून बघून तिला वेटोळी काढायचा नाद लागला होता. दारात रोज नवी रांगोळी! आजचं वेटोळं रस्ताभर झालं, आणि लाडोबा सोंडेने रेघेचा माग काढत निघाला.

"अगं, थांबव याला!" अंबारीतून राजा ओरडला. "मुकुट नाकावर आला माझा!"

"मध्यावर पोचला की थांबेल, महाराज."

लाडोबा मध्यावर पोचला, वळला आणि त्याच रेघेने परत निघाला!

शेवटी माहुताने उसाचं आमिष दाखवलं, तेव्हा कुठे राजा डुलत डुलत खाली उतरला. "शेवट नसलेलं वेटोळंच बघायचंय मला आता! उद्या राजवाड्याच्या पटांगणात काढ. रेघ संपली, तर पुन्हा जन्मात रांगोळी हातात धरायची नाही!"

येसूने रांगोळीची वाटी पाठीमागे लपवली. रांगोळीशिवाय सकाळ? छे!

दुसऱ्या दिवशी पटांगणात येऊन ती म्हणाली, "महाराज, आपण मधोमध बसा. सुरुवात मोठ्या माणसापासून व्हायला हवी."

राजा खुलला. चौरंगावर ऐटीत बसला. येसूने त्याच्याभोवती फेर धरला. दोन रेघांमध्ये पाऊल मावेल एवढीच वाट, आणि फेरामागून फेर!

दुपारी मुदपाकखान्यातून पुरणपोळीचा वास आला. राजा ताडकन उठला.

"महाराज, जपून!" प्रधान किंचाळला. "राजवाड्यातली रांगोळी ओलांडेल त्याने महिनाभर कारलंच खायचं, हा आपलाच कायदा आहे!"

कारलं! राजाने उचललेला पाय तसाच मागे घेतला. मग धोतर सावरत तो वाटेवाटेने निघाला. गोल, गोल, गोल! पण वाटेच्या तोंडाशी येतो न येतो, तोच येसूची रेघ पुढे सरकलेली!

"अगं, थांब ना जरा!"

"थांबले तर वेटोळं संपेल, महाराज."

राजा पळू लागला. येसूही पळू लागली. लाडोबाने सोंड वर करून तुतारी फुंकली. गरगरलेल्या राजाला चौफेर प्रधानच प्रधान दिसायला लागले, आणि प्रत्येकाच्या हातात पुरणपोळीचं ताट!

"संपव! संपव हे!" राजा मटकन खाली बसला.

"म्हणजे अजून संपलेलं नाही ना, महाराज?"

"कुठलं संपतंय! तू काढत राहिलीस तर मी दिवाळीपर्यंत इथेच!"

येसूने चिमूट झटकली. "मग माझ्या वेटोळ्याला शेवट नव्हताच. शेवट झाला तो महाराजांच्या भुकेमुळे!"

राजा असा हसला, असा हसला की मुकुट पुन्हा नाकावर आला!

"प्रधानजी, लाडोबाच्या पाठीवर रंगांची पोती लादा आणि हिच्या घरी पोचवा! आजपासून दर सणाला हे पटांगण हिचं! फक्त एक अट..."

"कोणती, महाराज?"

"माझं जेवण झाल्यावर!"